मंथरेचें काम कोण करणार?

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठीं नाटक बसवावयाचें ठरलें म्हणजे पहिले चार दिवस आम्हां शिक्षकांस फारसें काम पडत नाहीं. रामाच्या भूमिकेस सात उमेदवार असतात, सीतेच्या भूमिकेस नऊ, आणि हनुमंताच्या शेपटीसाठीं तर प्राथमिक वर्गांपासून मागणी येते. खरी कसोटी पांचव्या दिवशीं लागते. त्या दिवशीं प्रश्न निघतो कीं, मंथरेचें काम कोण करणार? वर्गांत एकदम शांतता पसरते. जी मुलगी एरवीं प्रश्न पुरता होण्यापूर्वींच हात वर करते, तीही त्या वेळीं वहीच्या समासाकडे पाहूं लागते. कोणावर तरी तें काम सोपवावें, तों दुसऱ्या दिवशीं पालकांची चिठ्ठी येते कीं, आमच्या मुलीस दुष्ट बाईचें सोंग देऊं नये. पाहुण्यारावळ्यांत तें बरें दिसत नाहीं.

कोणी न मागितलेल्या अशा भूमिकांविषयीं आज चार शब्द लिहावे असें आमच्या मनांत आलें. आणि तो विचार करतां करतां ज्या बाईंनीं आपलें बहुतेक आयुष्य अशाच भूमिकांत वेंचलें, त्या ललिताबाई पवार यांचें चरित्र डोळ्यांपुढें उभें राहिलें. शाळेच्या वार्षिकांत संतांचीं, शास्त्रज्ञांचीं व देशभक्तांचीं चरित्रें यावींत. नटीचें चरित्र कशास, असा प्रश्न कांहीं पालकांच्या मनांत येईल. त्यांस आमची नम्र विनंति एवढीच कीं, त्यांनीं लेख शेवटपर्यंत वाचावा आणि मग निवाडा करावा.

आपल्या देशांतील चित्रपटाचा पाया दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' काढून घातला, हें विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. त्या चित्रपटांत राणी तारामतीचें काम करण्यास एकही स्त्री पुढें आली नाहीं. अखेर अण्णा साळुंके नांवाच्या तरुणास लुगडें नेसवून राणी करावें लागलें. फाळके यांच्या पुढच्या 'मोहिनी भस्मासुर' ह्या चित्रपटांत दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई ह्या मायलेकी प्रथमच पडद्यावर आल्या. परंतु तेवढ्यानें लोकमत पालटलें नाहीं. १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' ह्या बोलपटांत दुर्गाबाई खोटे यांच्यासारख्या प्रतिष्ठित घराण्यांतील सुशिक्षित बाई उतरल्या, तेव्हां कोठें लोकांची भीड थोडी चेपली. ललिताबाईंचें पदार्पण ह्या दोहोंच्या मधल्या काळांत, म्हणजे लोक नटीकडे नाक मुरडून पाहत होते त्या काळांत झालें, हें ध्यानांत ठेविलें म्हणजे त्यांच्या धैर्याचें खरें माप कळतें.

त्यांचा जन्म १८ एप्रिल १९१६ रोजीं पैठणीसाठीं प्रसिद्ध असलेल्या, नाशिक जिल्ह्यांतील येवलें येथील सगुण कुटुंबांत झाला. वडिलांचें नांव लक्ष्मणराव. त्यांचा कापडाचा व्यापार होता. मुलीचें मूळचें नांव अंबिका. १९२८ सालीं, म्हणजे बारा वर्षांच्या वयांत, ही मुलगी एका मूकपटांत चमकली. आणि योगायोग असा कीं, त्या मूकपटाचेंही नांव 'राजा हरिश्चंद्र' असेंच होतें. ज्या कथेंतील राणीसाठीं पंधरा वर्षांपूर्वीं स्त्री मिळाली नव्हती, त्याच कथेंत येवल्याची एक बालिका सहज वावरून गेली. पुढें ती ललिता ह्या नांवानें नायिका झाली. मूकपटांत तिनें कामें केलीं, धाडसाचीं कामेंही केलीं. आणि १९३२ सालीं, विशीही उलटली नसतां, 'कैलास' ह्या चित्रपटाच्या निर्मितींत भाग घेतला. चित्रपट बोलूं लागले तेव्हां अनेक नट-नटींचें नशीब फिरलें, कारण त्यांस बोलतां येत होतें पण पडद्यावर शोभेल असें बोलतां येत नव्हतें. ललिताबाईंचें तसें झालें नाहीं. १९३५ सालच्या 'हिम्मत-ए-मर्दा' ह्या बोलपटांत त्यांनीं काम केलें, इतकेंच नव्हे तर गाणींही स्वतःच म्हटलीं. पुढें टॉल्स्टॉयच्या कादंबरीवर आधारलेल्या 'दुनिया क्या है' ह्या चित्रपटाच्या निर्मितींतही त्यांचें अंग होतें. भालजी पेंढारकरांच्या 'नेताजी पालकर' (१९३९) व मास्टर विनायकांच्या 'अमृत' (१९४१) ह्या मराठी रसिकांस परिचित असलेल्या चित्रपटांतही त्या होत्या. सारांश, पंचविशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या ह्या तरुणीपुढें नायिकेचा प्रशस्त मार्ग पडलेला होता.

तो मार्ग १९४२ सालीं एका क्षणांत बंद झाला. 'जंग-ए-आझादी' ह्या चित्रपटाचें चित्रण चाललें होतें. प्रसंगांत सहनट मास्टर भगवान यांनीं नायिकेस थप्पड मारावयाची होती. हात अंदाजापेक्षां फार जोरानें बसला. डाव्या डोळ्याची शीर फुटली आणि चेहऱ्याची ती बाजू लुळी पडली. त्यांत द्वेष नव्हता, तो निव्वळ अपघात होता. पण अपघाताचा घाव कांहीं हळुवार नसतो. औषधोपचार सुमारें तीन वर्षें चालले. चेहरा पुष्कळसा सांवरला. डावा डोळा मात्र कायमचा बारीक राहिला.

विद्यार्थिमित्रांनीं येथें क्षणभर थांबून विचार करावा. सुताराचा हात दुखावला तर तो दुसऱ्या हातानें रंधा धरावयास शिकेल. आमच्यासारख्या शिक्षकाचा पाय मोडला तर तो खुर्चीवर बसून शिकवील. परंतु जिचा चेहरा हेंच जिच्या धंद्याचें भांडवल, तिचा चेहराच बिघडला तर तिनें काय करावें? वय वर्षें सव्वीस. घरीं बसण्यास कोणीं दोष दिला नसता. किंबहुना, "एकदांची सुटली त्या पडद्याच्या नादांतून" असेंच कित्येकांस वाटलें असतें. त्या काळीं नायिकेवांचून दुसरी भूमिका म्हणजे उतरती कळा, असाच समज होता. आणि तो आजही पुरता गेला आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

ललिताबाई घरीं बसल्या नाहींत. नायिकेची खुर्ची त्यांनीं सोडली आणि जिला कोणी खुर्ची म्हणत नव्हतें अशा एका तिवईवर त्या येऊन बसल्या. सासू, सावत्र आई, आत्या, मावशी, मोलकरीण, घरमालकीण अशीं कामें त्या घेऊं लागल्या. उपचाराच्याच काळांत, १९४४ सालीं, प्रभातच्या 'रामशास्त्री' ह्या चित्रपटांत त्या आनंदीबाई झाल्या. पेशवाईच्या इतिहासांतील ती बाई किती कठीण आहे हें आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी जाणतातच. आणि मग जें व्यंग दडवावें असें कोणासही वाटलें असतें, तेंच त्यांनीं हत्यारासारखें पाजळलें. तो बारीक झालेला डोळा किंचित मिटून, मान सावकाश वळवून त्या सुनेकडे पाहूं लागल्या कीं, प्रेक्षागृहांतील हजार माणसें श्वास रोखून धरीत.

अशा कामांस चरित्रभूमिका म्हणतात. हें भाषांतर कोणीं केलें असेल तें असो, शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. नायकाच्या वांट्यास प्रसंग येतात. चरित्रनटाच्या वांट्यास एक संपूर्ण माणूस येतो, आणि तो त्यानें चार-दोन प्रवेशांत उभा करावयाचा असतो. इंग्लंडांत मार्गारेट रुदरफर्ड नांवाची अशीच एक नामांकित नटी होऊन गेली. जन्म १८९२ सालचा. तिशी उलटल्यावर रंगभूमीवर पाऊल टाकिलें. लटकती हनुवटी, स्थूल बांधा, नायिकेस लागणारें रूप नांवाला नाहीं. परंतु सत्तरीच्या आसपास तिनें मिस मार्पल ही चतुर वृद्धा चार चित्रपटांत अशी रंगविली कीं, साऱ्या जगांत तिचें नांव झालें. आणि 'द व्ही. आय. पीज्' ह्या १९६३ सालच्या चित्रपटांतील दुय्यम भूमिकेसाठीं तिला अमेरिकेचा ऑस्कर पुरस्कारही मिळाला. तेव्हां हें भाग्य केवळ आपल्याकडचेंच नव्हे. ज्यांस जग मागें बसवितें त्यांनीं मागच्या बाकावरून साऱ्या वर्गास बोलतें करावें, हा प्रकार सर्व देशांत घडतो.

१९५० सालीं व्ही. शांताराम यांच्या 'दहेज' ह्या चित्रपटांत हुंड्यासाठीं सुनेस छळणारी सासू त्यांनीं साकार केली, आणि तेथून पुढें 'ललिता पवार' हें केवळ व्यक्तीचें नांव न राहतां मराठी व हिंदी घरांतून एक वाक्प्रचारच झाला. आमच्या देऊळघाटासारख्या पैनगंगेकाठच्या गांवींसुद्धां एखादी सासू सुनेस फार बोलूं लागली कीं शेजारीण हळूच म्हणे, "झाली हिची ललिता पवार!" ज्यांनीं चित्रपटगृहाची पायरीही चढली नव्हती, अशा बायकांच्या तोंडीं हें नांव होतें. शब्दकोशांत शब्द घालणारे पंडित पुष्कळ असतात; आपलें नांवच शब्द म्हणून जनतेच्या तोंडीं घालणारीं माणसें विरळा.

आमच्या बालपणची एक आठवण येथें सांगण्याजोगी आहे. २५ जानेवारी १९८७ रोजीं दूरदर्शनवर रामानंद सागर यांचें 'रामायण' सुरू झालें. त्या वेळीं आमच्या आळींत दूरचित्रवाणीचा संच एकाच घरीं होता. रविवारीं सकाळीं तेथें सर्व जातिधर्मांचीं माणसें गोळा होत. उपासनेहून परतलेलीं आम्ही मुलें उंबरठ्यापाशीं दाटीवाटीनें बसत असूं. एके दिवशीं पडद्यावर मंथरा आली आणि कैकेयीच्या कानाशीं लागली. तोंच मागून एका आजींनीं कडाकडा बोटें मोडलीं, दुसरीनें "मेली, हिला दुसरा धंदा नाहीं" म्हणून शिवी हासडली, आणि एका चिमुकल्या मुलानें तर आपली चप्पल उगारली. त्या गलक्यांत आमच्या मातोश्री शांतपणें एवढेंच म्हणाल्या कीं, "ज्या बाईचा आपल्याला एवढा राग येतो, ती आपलें काम किती चोख करीत असेल!" तेव्हां ललिताबाईंनीं सत्तरी ओलांडली होती. १९२८ ते १९८७, म्हणजे एकूणसाठ वर्षें ती बाई कामावर होती. आमच्या आजच्या विद्यार्थ्यांनीं तीच मंथरा २०२० सालच्या टाळेबंदींत, रामायण पुन्हां दाखविलें गेलें तेव्हां पाहिली. आणि त्यांच्याही घरांतून बोटें मोडलीं गेलीं, असें आम्हीं ऐकतों.

परंतु केवळ दुष्टपणा हेंच ललिताबाईंचें भांडवल होतें असें समजणें हा त्यांच्यावर अन्याय होय. १९५५ सालच्या 'श्री ४२०' मध्यें त्या केळीं विकणारी गंगामाई झाल्या. परक्या मुलखांत रिकाम्या पोटीं आलेल्या तरुणाशीं घासाघीस करतां करतां तीच त्याची आई होऊन जाते. त्याच वर्षीं 'मिस्टर अँड मिसेस ५५' मध्यें त्या पुरुषांच्या नांवानें खडे फोडणाऱ्या श्रीमंत आत्याबाई झाल्या. बिमल रॉय यांच्या 'सुजाता' (१९५९) मध्यें त्यांनीं अस्पृश्य मुलीच्या सांवलीचाही विटाळ मानणारी सनातनी म्हातारी रंगविली. तिचा राग येतो खरा, पण असें माणूस आपल्याच घरांत असूं शकतें हें मनास पटून मान खालीं जाते. 'प्रोफेसर' (१९६२) मध्यें त्याच कडक चेहऱ्यांतून त्यांनीं हंसविलें. सातशेंच्या आसपास चित्रपटांत त्यांनीं कामें केलीं असें सांगतात. इतक्या बायका एका बाईच्या अंगांत कशा मावल्या, हें आश्चर्यच आहे.

आमच्यासारख्या ख्रिस्ती घरांत मात्र त्यांची ओळख वेगळ्या नांवानें आहे. हृषीकेश मुकर्जी यांच्या १९५९ सालच्या 'अनाडी' ह्या चित्रपटांत त्या मिसेस डिसा झाल्या. ही मिसेस डिसा एक ख्रिस्ती घरमालकीण. भाडें थकलें म्हणून भाडेकरूवर तोंड टाकणारी, आणि तोच उपाशी आहे असें कळतांच ताट वाढणारी. तिचा पोटचा मुलगा गेलेला. ती माया ह्या भोळ्या तरुणावर, आपल्या बोलण्यांत जराही गोडवा येऊं न देतां, ती उधळते. अखेर सदोष औषधानें तिचा बळी जातो. ह्या भूमिकेसाठीं ललिताबाईंना उत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. आपल्या चित्रपटांतून ख्रिस्ती माणूस पुष्कळदां केवळ दारूच्या बाटलीसह किंवा खलनायकाच्या टोळींत दिसतो, हें पाहून आमच्या लहानपणीं मनास बोंच लागे. मिसेस डिसाच्या रूपानें आमच्याच शेजारची, आमच्याच मावशीसारखी एक बाई आम्हांस पडद्यावर दिसली. त्याच दिग्दर्शकाच्या 'आनंद' (१९७१) मध्यें ललिताबाई पुन्हां डिसा ह्याच आडनांवानें रुग्णालयाच्या मेट्रन झाल्या. मरणाच्या दारीं बसून हंसणाऱ्या रोग्याला दटावणारी आणि त्याच्यासाठीं प्रार्थना करणारी ती मेट्रन ज्यानें पाहिली, तो तिला विसरला नसेल.

आतां ज्यासाठीं हा सारा प्रपंच मांडिला तें सांगतों. आमच्या वर्गांत एक मुलगी होती. तिचें नांव, इयत्ता व वर्ष आम्ही मुद्दाम देत नाहीं. तिच्या व तिच्या आजीच्या संमतीनेंच हें लिहीत आहों. ती दोन वर्षांची असतां चुलीवरचें उकळतें पाणी तिच्या अंगावर सांडलें, आणि डाव्या गालापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत भाजल्याचा व्रण कायमचा राहिला. मुलगी अभ्यासांत हुशार, पाठांतर उत्तम, आवाज खणखणीत. पण वर्गाच्या प्रत्येक छायाचित्रांत तिची मान उजवीकडून डावीकडे वळलेली असे, म्हणजे व्रण दिसूं नये. संमेलन आलें कीं ती पडदा ओढण्याचें काम मागून घेई.

एका रिकाम्या तासाला आम्हीं वर्गास ललिताबाईंचें चरित्र सांगितलें. थप्पड, तीन वर्षांचे उपचार, मग पुन्हां कामास लागणें, हें ऐकून मुलांनीं टाळ्या वाजविल्या. ती मुलगी मात्र उभी राहिली व म्हणाली, "सर, त्यांचा डोळा बिघडला म्हणून त्यांना दुष्ट बायकांचीं कामें दिलीं. म्हणजे ज्याचें तोंड बिघडलें तो दुष्ट, असेंच ना?"

सबंध वर्ग गप्प झाला. टाळ्यांच्या भरांत ह्या प्रश्नाकडे कोणाचें लक्षच गेलें नव्हतें. कांहीं तरी गोड बोलून वेळ मारून नेणें सोपें होतें. परंतु जिनें इतका खरा प्रश्न विचारला तिला खोटें उत्तर देणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं. आम्हीं म्हटलें, "होय, पुष्कळ अंशीं तसेंच झालें." मग वर्गास विचारलें कीं, गोष्टींतील राक्षसीण सुंदर असते काय? मंथरेस कुबड कां? इंग्रजी गोष्टींतील समुद्रावरच्या चाच्याचा एक डोळा झांकलेला कां? मुलांनींच भराभर उदाहरणें दिलीं आणि मुलांच्याच लक्षांत आलें कीं, दुसऱ्याच्या अंगावरील व्यंगाला त्याच्या मनाचें व्यंग समजणें ही माणसाची फार जुनी खोड आहे. ती चित्रपटवाल्यांनीं निर्माण केली नाहीं. त्यांनीं ती वापरली. आणि ललिताबाईंना पोट भरण्यासाठीं त्या खोडीच्याच दारांतून आंत जावें लागलें.

पुढल्या आठवड्यांत आम्हीं मुलांस 'अनाडी' मधील कांहीं भाग दाखविला. तोच डोळा, तोच चेहरा, तीच मान वळविण्याची लकब. पण ह्या वेळीं कोणाला राग आला नाहीं. मिसेस डिसा गेली तेव्हां मागच्या बाकावरचे दांडगे मुलगेही डोळे पुसत होते. तास संपल्यावर ती मुलगी आमच्या टेबलापाशीं आली आणि म्हणाली, "सर, डोळा तर तोच आहे." आम्ही कांहीं बोललों नाहीं. तिला जें सांगावयाचें तें तिनेंच आम्हांस सांगितलें होतें.

त्या वर्षीं आमच्या शिक्षकांनींच लिहिलेली एक छोटी नाटिका बसवावयाची होती. तींत एक सावकारीण होती; गरिबाच्या घरचें तांब्याचें भांडें उचलून नेणारी. नेहमींप्रमाणें तें काम कोणी घेईना. ह्या मुलीनें हात वर केला. ही बातमी घरीं पोंचली आणि बाजाराच्या दिवशीं तिची आजी डोईवरची टोपली शाळेच्या दारांत ठेवून आमच्याकडे आली. म्हणाली, "मास्तर, माह्या नातीले लोकायपुढं उभी करू नका. लोकायनं तिच्या तोंडाले हसावं अन् तिनं घरी येऊन रडावं, हे मले पाहवत नाही." आजींचें म्हणणें खोटें नव्हतें. त्यांनीं त्या पोरीचें रडणें पाहिलें होतें. आम्हीं पाहिलें नव्हतें. आम्हीं एवढेंच म्हटलें, "आजी, काम आम्हीं दिलें नाहीं, तिनें मागितलें आहे. तुम्ही नाहीं म्हणाल तर आम्ही तिला आग्रह करणार नाहीं. पण तुम्हीच तिला विचारा." आजी बराच वेळ बसून होत्या. मग टोपली उचलून निघून गेल्या. घरीं आजी-नातींचें काय बोलणें झालें तें ठाऊक नाहीं; दुसऱ्या दिवशीं मुलगी तालमीस आली, इतकें खरें.

संमेलनाच्या रात्रीं ती रंगमंचावर आली तेव्हां, जें घडेल अशी भीति होती तेंच प्रथम घडलें. मागील रांगेंतून कोणी तरी हंसलें, कोणी शीळ घातली. तालमींत सांगितल्याप्रमाणें तिनें येतांच बोलावयाचें होतें. ती बोलली नाहीं. कमरेवर हात ठेवून, ज्या बाजूस व्रण होता तीच बाजू लोकांकडे करून, हंसणें थांबेपर्यंत ती नुसती उभी राहिली. तें मौन कोणींही तिला शिकविलें नव्हतें. मग तिनें गरिबाच्या बायकोकडे सावकाश मान वळवून पहिलें वाक्य उच्चारलें, आणि मंडप चिडीचूप झाला. तिसऱ्या वाक्यापर्यंत समोर भाजलेल्या गालाची मुलगी राहिलीच नव्हती. लोकांच्या डोळ्यांपुढें ती हृदयशून्य सावकारीण तेवढी उरली होती. भांडें उचलून ती आंत गेली तेव्हां बायकांच्या बाजूनें मोठा गलका उठला.

नाटिका संपल्यावर आजी आम्हांस शोधीत आल्या. डोळे ओले होते, पण चेहऱ्यावरून राग कीं आनंद तें कळेना. म्हणाल्या, "मास्तर, माह्या नातीले बाया शिव्या देत होत्या. काय वंगाळ बाई हाय म्हणे!" आणि थोडें थांबून हळूच म्हणाल्या, "तोंडाचं कोणी काईच म्हटलं नाही."

एका रात्रीच्या नाटकानें आयुष्याचें दुःख नाहींसें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. व्रण आहे तेथेंच आहे, आणि रस्त्यानें जातां वळून पाहणारींही माणसें आहेत. परंतु त्यानंतरच्या वर्गाच्या छायाचित्रांत त्या मुलीची मान सरळ आहे. आमच्या इतक्या वर्षांच्या नोकरींत ज्या थोड्या गोष्टी कमावल्या असें आम्हांस वाटतें, त्यांत त्या छायाचित्राची गणना आम्ही करतों.

ललिताबाईंचा शेवट सांगितल्यावांचून चरित्र पुरें व्हावयाचें नाहीं. २४ फेब्रुवारी १९९८ रोजीं पुण्याच्या औंध भागांत, आपल्या घरीं, त्या एकट्या असतां त्यांचें देहावसान झालें. पति राजप्रकाश गुप्ता त्या वेळीं रुग्णालयांत होते. आणि ज्या बाईंची चाहूल लागतांच हजारों माणसें सांवरून बसत, त्या बाई गेल्याची चाहूल जगास लगेच लागली नाहीं. हें वाचून मन विषण्ण होतें. मिसेस डिसाच्या मृत्यूवर ज्या लाखों प्रेक्षकांनीं अश्रु ढाळले, त्यांपैकीं एकही त्या दिवशीं त्यांच्या उशाशीं नव्हता. पडद्यावरच्या माणसांवर आपण रडतों, आणि ज्यांनीं तीं माणसें आपल्यासाठीं उभीं केलीं त्यांस म्हातारपणीं विसरतों. आपल्याही गांवांत, आपल्याही आळींत अशा किती वृद्धा आहेत कीं, ज्यांनीं जन्मभर दुसऱ्यांच्या गोष्टींत दुय्यम काम केलें आणि ज्यांच्या दारावर आतां कोणी थाप मारीत नाहीं! त्यांच्याकडे जाऊन येण्यास मोठी देणगी लागत नाहीं. संध्याकाळची दहा मिनिटें पुरतात.

पालकांस जातां जातां एकच विनंति. चित्रपट पाहून झाला कीं आपण लगेच उठतों, व पडद्यावरील नांवें तशींच सरकत राहतात. पुढल्या वेळीं मुलांसह क्षणभर बसून राहावें आणि पहिल्या दोन नांवांच्या खालचीं नांवेंही त्यांस वाचावयास सांगावें. कोणत्या नांवानें आपल्याला हंसविलें, कोणत्या नांवाचा आपल्याला राग आला, हें त्यांस विचारावें. मुलांना हळूहळू कळेल कीं गोष्ट कोणा एकट्याची नसते. आणि उद्यां त्यांच्या स्वतःच्या वांट्यास जें काम येईल तें लहान कीं मोठें, हें मोजण्याऐवजीं तें चोख कसें करावें, एवढाच विचार तीं करूं लागतील.